चेसी नंबर

दस्तगीर मिस्त्री हातोडी घेऊन गाडीखाली सरकला.
मिरजेत त्याचा मेहुणा भोपळे ठोकून पारखतो
सतारीसाठी;
हा लोखंड.

पुढनं खण्ण.
मधे खण्ण.
मागच्या चाकापाशी भद्द,
आणि एकोणीसच्या पुराचा गाळ
पडला त्याच्या दाढीत.

"बोलेरोची चेसी बसवू," तो खालूनच म्हणाला,
"पावर स्टेरिंग येतंय. वरनं तुमची तीच पिकप.
कुणाला कळतंय?"

मी मडगार्डवर हात ठेवून उभा.
हिरव्याखाली निळा, निळ्याखाली
अण्णांनी ब्रशनं मारलेला पिवळा,
हळद सांडली तर दिसू नये म्हणून.
मला वाटायचं, गाडी म्हणजे हे.

"नंबर कुठंय?"
त्यानं रॉकेलचं फडकं घासलं, बराच वेळ.
सात आकड्यांतला एक पुसट.
शेजारी जाड, वाकडीतिकडी वेल्डिंग.
"हे कुणी केलंय ओ? अगदीच अडाणी काम."

अण्णांनी. मार्केट यार्डात, रात्री, उसन्या मशिनवर.
चष्मा नव्हता;
चार दिवस डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या.

"सडकं तेवढं काप," म्हणालो. "हे राहू दे."
खर्च विचारायचा राहिलाच.

मिस्त्री बाहेर आला, दाढी झटकली.
"ब्रेक तरी नवे घालू द्याल का?"

ब्रेक घाल म्हटलं.