स्विंडनचं पाणी

इथलं पाणी जड. किटलीच्या बुडाला चुन्याचा थर,
टॉवेल वाळले की पापड.
शेजारच्या ग्लेनिसबाई म्हणाल्या, पांढरं व्हिनेगर घाल,
अर्धा कप, शेवटच्या पाण्याला.
रोज नको हं, मशीनचं रबर खातं.

पहिल्या दिवशी सुधन्वा दारातूनच ओरडला,
"चिप्स आणलेस?"
वाळल्यावर वास कुठे गेला, कोण जाणे.
टॉवेल मऊ, जुन्या धोतरासारखे.

ब्लीचची बाटली मात्र जिन्याखाली,
व्हिनेगर वर, खिडकीशी.
दोन्ही कामाच्या,
पण एका पाण्यात पडल्या
की विषारी वायू, श्वास कोंडतो.

माझी जाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहते.
तिचंही घर लख्ख असतं.
दिवाळीला फराळाचे डबे
आम्ही मुलांच्या हाती पाठवतो.