हातांपुरती

नटीची नखं कुठल्याशा जाहिरातीत बांधली गेलेली,
म्हणून मला बोलावलं.
दिवसाचे दोन हजार, जेवण त्यांचं.
चितार ओळीत विचारत विचारत आले होते ते:
दमयंती निखारेंकडे माती मळणारी
कुणी शकून नावाची बाई अजून आहे का?
आहे, म्हटलं.
म्हणजे हात आहेत.

वाडी नाक्याकडच्या गोडाऊनमध्ये
दमूताईची खोली उभी केली होती त्यांनी.
कूलरसुद्धा होता, वाळ्याचा, पण बंद,
आवाज येतो म्हणून.
भिंतीवर ब्रशनं चिरा काढलेल्या.
मी म्हटलं, चीर इथं नव्हती, खिडकीखाली होती,
तिच्यात ती बिड्या लपवायची.
दिग्दर्शक हसला. बिड्या नकोत, म्हणाला,
प्रेक्षकांना ती आवडायला हवी.

मग माती आली. पिशवीतली, मुंबईहून.
हात घातल्याबरोबर कळलं, ही मेलेली आहे.
तणस नाही, कापूस नाही, आंबलेली तर नाहीच.
दमूताई माती चाखून पाहायची,
जिभेच्या टोकावर, भाजीचं मीठ पाहावं तशी.
'काहून वो शकून,
हिले रातभर झोपू नाही देल्लं काय?'

बाप तिला मूर्तीचे डोळे उघडू देत नाही,
तो सीन खरा आहे.
पाय तिनं करायचे, उंदीर तिनं करायचे,
डोळे भावांनी.

मास्तरांचं प्रकरण त्यांनी तीन दिवस शूट केलं.
पाऊसही पाडला, टँकर मागवून, एप्रिलमध्ये,
बाहेर पाण्याला रांगा असताना.
प्रेम होतं की नव्हतं, मला विचारू नका.
मी मातीतून मान वर काढत नसे.
एवढं माहीत आहे की चौकातल्या पुतळ्याचा
डावा पंजा तिचा.
चबुतऱ्यावर मास्तरांचं नाव आहे, बरोबर स्पेलिंगसह.
बर्डीहून येताना ऑटो सिग्नलला थांबतो
तेव्हा मी तेवढा पंजाच बघते.
करंगळी जरा आत वळलेली.
तिची तशीच होती.

मारबतही काढली त्यांनी, पोळ्याला चार महिने असताना.
पन्नास भाड्याची माणसं ओरडत होती,
रोगराई घेऊन जा गे मारबत.
जळत्या पुतळीत तिला स्वतःचा चेहरा दिसतो,
असं कागदावर लिहिलेलं.
मला आठवतं, खऱ्या मिरवणुकीत
ती माझा दंड धरून म्हणाली होती,
'कमरेत बांबू कमी पडले वो, पाय, झुकून राह्यली.'

नवव्या दिवशी इस्पितळ.
नटी किंचाळली, केस उपटले, गजांवर डोकं आपटलं.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेकअपवाली रडली.
मी दर गुरुवारी जात होते त्या इस्पितळात, सहा वर्षं.
दमूताई ओरडल्याचं मी ऐकलं नाही.
पोळीच्या गोळ्याची बोटं करायची ती,
एकेक, नखांसकट, पेरांवरच्या सुरकुत्यांसकट,
आणि खाऊन टाकायची.
'ठेवलं त कोनाचं तरी नाव लागते त्याले.'

हे मी दिग्दर्शकाला सांगितलं.
तो बराच वेळ गप्प राहिला.
मग म्हणाला, चांगलं आहे,
पण सीन झालाय आपला.

शेवटचा शॉट माझा. म्हणजे हातांचा.
म्हातारी दमूताई चेहरा घडवते आहे,
हात थरथरू द्या, म्हणाले.
तिचे कधी थरथरले नाहीत.
माझे थरथरतात, अडुसष्टावं लागलंय.
त्यांना फार आवडलं.

पाकीट घेतलं. विचारून घेतली
उरलेल्या मातीची पिशवीही.
घरी टबात भिजवली, तणस कापून घातलं,
उशीतला कापूस पिंजून घातला,
वर ओलं पोतं.
तिसऱ्या दिवशी नातू म्हणाला, आजी,
कसला वास येऊन राह्यला?

पोतं बाजूला केलं. चाखली.

अजून एक रात्र झोपू द्यावी लागेल.