आज विनोद नाही

तोर्सहावनच्या बंदरावर, मासळीच्या जुन्या गोदामात
वरच्या मजल्यावर दोन टेबलं, एक गळकी किटली
आणि हवामान सांगणारं एक अ‍ॅप.
तशी अ‍ॅपं पैशाला पासरी.
सगळ्यांकडे तेच ढग, तोच उपग्रह, तेच आकडे.
हेग्नी म्हणाला, आपल्याकडे वेगळं काय?
रान्वा म्हणाली, माझं तोंड.

तेव्हापासून ती लिहिते, पहाटे पाचला,
ओले मोजे हीटरवर वाळत टाकून:

पाऊस. कालचाच. उरलेला.

वारा वायव्येचा. छत्री उघडलीत
तर शेटलंडला पोचल्यावर कळवा.

ऊन. अकरा वीस ते अकरा चोवीस.
ढकलाढकली नको.

धुकं. शेजाऱ्याशी भांडण असेल तर आजच मिटवा,
त्याचं तोंड दिसत नाही तोवर.

बेटावरची माणसं सहसा हसत नाहीत,
हसलीच तर नाकातून.
पण बेकरीच्या रांगेत कुणी मोठ्यानं वाचू लागलं,
शाळेत मास्तर हजेरीआधी,
आणि ब्याऐंशी वर्षांचा शूर्दुर,
ज्यानं जन्मभर आभाळाकडे बघूनच जाळं टाकलं,
नातीकडून फोन शिकला.
अंदाजावर विश्वास नाही, म्हणाला,
पण पोरगी थापा बऱ्या मारते.

फेब्रुवारीत, एका मंगळवारी,
नकाशावर तो जांभळा डाग आला.
रान्वानं एक ओळ लिहिली, खोडली.
दुसरी लिहिली. तीही.
चहा गार झाला. मोजे करपायला आले.
शेवटी धाडलं:
वादळ. दुपारी दोननंतर. घरी राहा.

सव्वापाचला शूर्दुरचा निरोप:
विनोद कुठाय?
आज नाही.
बराच वेळ काहीच नाही.
मग: बरं. होडी वर ओढतो.
आणि थोड्या वेळानं, जणू दात काढून द्यावा तसं:
शेजाऱ्याचीपण.

हेग्नी खिडकीशी उभा होता.
खाली अंधारात एकेक बॅटरी पेटत गेली,
दोर, हाका, लाकडाची घरघर.
वाऱ्याचा वेग किती,
एकानंही विचारलं नाही.

तीन छपरं गेली. एक बस-थांबा गेला.
माणूस एकही नाही.

गुरुवारी पहाटे हीटरवर पुन्हा मोजे,
डाव्याला नवं भोक.
रान्वानं बोटं मोडली, लिहिलं:

बस-थांबा कुणाच्या अंगणात आला असेल
तर बस तिथेच थांबेल.
पाऊस. परवाचा.