एकतीस गुण

तमालेच्या बाजारात तीन वर्षांपूर्वी
मी एकशे बारा धंद्यांना गुण दिले.
वुम्पिनीच्या सिमेंट-विटांना नव्वद:
हिशेब चोख, बोलणं पाणीदार,
पाच वर्षांचा बेत भिंतीवर चिकटवलेला.
सनातूला एकतीस.
चवळीचे वडे तळत होती. वही मागितली
तर झारा दाखवला.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
धंद्याला पाळणा कुठला?
एक कढई, तीन दगड, वर गंजका पत्रा.

आज परत आलोय, तोच तक्ता घेऊन.
वुम्पिनीच्या कोरड्या हौदात शेळी व्यालीय.
तो आक्राला गेला म्हणतात,
कुणी म्हणतं, आजारी आहे.

सनातूकडे चौदा माणसं.
हे कसं काय?
"बोल्गाचा ट्रक इथं मोडला. नऊ दिवस.
ड्रायव्हर इथंच खायचा. मग त्यानं बाकीच्यांना आणलं."
झाऱ्यातलं तेल निथळेपर्यंत एवढंच बोलली.

माझ्या तक्त्यात
मोडलेल्या ट्रकचा रकाना नाही.

शेवटचा प्रश्न उरलाय:
आणखी तीन वर्षांनी किती माणसं असतील?
ती माझ्या पेनाकडे बघते.
"मागच्या वेळी काय लिहिलं होतंस?"

मी वडा फुंकत बसतो,
तो केव्हाच गार झालेला असतो.