वर पाचवा हिस्सा

आधी मेंढा दिसला, मग दोरी, मग तो.
उतरणीवरच्या अंजिराखाली थबकून
त्यानं विचारलं, सेरहचं घर हेच ना?
सेरह गेली, म्हटलं. चार वर्षं झाली.
मी होग्ला. तिची धाकटी.
त्यानं मेंढ्याकडं पाहिलं,
जणू पुढचं आता त्यानं बोलावं.

शल्लूम. लोकरीचा व्यापारी.
दर कातरणीला यायचा, गाढवावर तागडी बांधून,
कमरेच्या पिशवीत दोन दगड,
दोन्ही गुळगुळीत, दोन्हींवर तीच खूण:
एक आमची लोकर घेताना,
एक आम्हाला चांदी देताना.
आई म्हणायची, आपल्या मेंढ्या उंचावर चरतात,
म्हणून लोकर हलकी भरते.
मरेपर्यंत मेंढ्यांनाच बोल लावत राहिली.

तो बोलला ते पाठ केल्यासारखं.
यरुशलेमला गेलो होतो, हा मेंढा घेऊन,
दोषाचं अर्पण करायला.
याजकानं दोरी हातात घेतलीच नाही.
म्हणाला, ज्याचं बुडवलंस त्याचं आधी फेड,
मुद्दल पुरतं, वर पाचवा हिस्सा.
मेंढा थांबेल. देवही थांबेल.

सात कातरण्या. त्यानं बोटांवर मोजल्या.
मीही मोजत होते,
पण माझ्या बोटांवर वेगळंच होतं:
तो हिवाळा, यामीनला सहा वर्षांच्या बोलीवर
हेब्रोनला चाकरीला धाडला तो;
आईचा गहाण पडलेला झगा,
जो दिवस बुडायच्या आत परत यायला हवा होता.
याचा पाचवा हिस्सा किती रे, शल्लूम?
हे मोठ्यानं विचारलं नाही.
मोठ्यानं विचारलं ते एवढंच:
मोजणार कोणत्या दगडानं?

तो लाल झाला, कानाच्या पाळ्यांपर्यंत.
दोन्ही दगड काढून उंबऱ्यावर ठेवले.
मी एकेक उचलून पाहिला.
डोळ्यांना कळेना. तळहाताला लगेच कळलं.
यानं, म्हटलं. ज्यानं घेतलंस, त्यानंच दे.

चांदीचे तुकडे, तारा, एक मोडकं कडं
पडत राहिलं. पारडं खाली येईना.
शेवटी बोटातली अंगठी काढून टाकली,
तेव्हा दांडी सरळ झाली.

मग तो तसाच उभा.
देणं फेडून झाल्यावरही माणसाला काहीतरी हवं असतं,
ते मला समजत होतं, आणि ते माझ्याजवळ
त्या घडीला नव्हतं.
नसलेलं देणं म्हणजे पुन्हा हलका दगडच.

मेंढा तहानला होता. मी घागर कलती केली,
आधी त्याला, उरलेलं शल्लूमला.
ओंजळीनं प्याला, मेंढ्याचं उष्टं, काही न बोलता.
जा, म्हटलं, ऊन उतरायच्या आत खिंड ओलांड.

हलका दगड तो विसरला, की सोडून गेला.
दह्याच्या मडक्यावर झाकणाला ठेवते मी तो.
उंदरांपुरता पुरेसा जड आहे.
शल्लूमचं नाव कुणी काढलं
की अजून मूठ वळते माझी.
गेल्या वर्षीपेक्षा सैल.

त्या संध्याकाळी मात्र मी कोंडवाड्यात गेले,
सगळ्यात म्हाताऱ्या मेंढीच्या कपाळावर हात ठेवला,
आईच्या वतीनं बोलले जे बोलायचं ते,
आणि तिच्यापुढं जव टाकले. ओंजळभर.
वळले, थांबले,
आणखी थोडे टाकले.