पाच तासांचा पास

सकाळी नऊला बंदराच्या फाटकातून बाहेर आला
आणि आधी खाली वाकून बघितलं त्यानं,
बूट नीट जमिनीवर टेकलेत ना.
गळ्यात पास, पासावर शिक्का,
शिक्क्याखाली वेळ : दोनपर्यंत.
मी विचारलं, पायलट?
तो म्हणाला, नो नो, ऑइलर. इंजिनरूम.
मी मोटारसायकलच्या पिवळ्या मडगार्डवर थाप मारली.
मग कळलं त्याला. दोघंही हसलो.

नाव रोनेल. गाव इलोइलो, तेही बंदरच.
अकरा आठवड्यांत त्यानं पाहिलं होतं
पाणी, पाइप
आणि वाट चुकलेलं एक पाखरू,
जे तिसऱ्या दिवशी डेकवर मेलं.
काय दाखवू? म्हटलं,
किल्ला आहे, पडका.
जपानी बाग आहे, जपानी कोणी नाही.
बायण्याचा समुद्र आहे.
तो म्हणाला, समुद्र नको.

तेवीस वर्षं भाडी मारतोय मी वास्कोत,
हे वाक्य माझ्या पाठीमागून
अजून कोणी बोललं नव्हतं.

मग मार्केटात नेलं.
मासळीकडे ढुंकून बघितलं नाही,
कोथिंबिरीपाशी मात्र थांबला, नाकाला लावली,
दहा रुपयांची जुडी शर्टाच्या खिशात खोचून
नवरदेवासारखा हिंडत राहिला.
सलूनमध्ये मान मोडून घेतली, किंचाळला,
म्हणाला, पुन्हा एकदा.
दामोदराच्या देवळाबाहेर उगाच चपला मोजल्या,
सेंट अँड्र्यूच्या पायरीवर बसून पाव खाल्ला.
मीही बसलो शेजारी.
त्या पायरीवरून रोज शंभरदा जातो तो चौक
कुणा दुसऱ्याच गावातला वाटत होता,
वाहतूक पोलिसासकट.

खारीवाड्यात मार्सेलीनबायच्या दुकानात
तो एकेका वस्तूवर बोट ठेवत गेला.
मी म्हणालो, साबण. तो म्हणाला, साबोन.
काजू. कासुय.
बटाटा. पटाटस.
बाय म्हणाली, मेज. तो टेबलावर हात आपटून, मेसा!
म्हणजे आमच्या दोघांच्या कितीतरी आधी
कोणीतरी जहाज हाकत आलं होतं
आणि हेच सामान दोन्हीकडे उतरवून गेलं होतं.
बायनं त्याला एक लिमलेट फुकट दिली.
मला गेल्या तेवीस वर्षांत दिलेली नाही.

परत येताना गल्लीत एक बाई
वाळलेली चादर काढून पुन्हा बादलीत बुडवत होती.
का? त्यानं विचारलं.
मी कठड्यावरून बोट फिरवलं,
त्याच्यापुढे धरलं. काळं.
विचारलं, तुझ्या जहाजात काय आलंय?
सत्तर हजार टन, तो सवयीनं म्हणाला,
आणि पुढचा शब्द
त्याच्या तोंडातच राहिला.

ती माझी बायको होती. मी सांगितलं नाही.
तिनंही ओळख दाखवली नाही.
मागे भाडं बसलेलं असलं की दाखवत नाही ती.

पावणेदोनला फाटकाशी त्यानं छोटी वही काढली.
एका पानावर एक बंदर,
बंदरापुढे एकच शब्द.
सांतोस, जिने. डर्बन, माकडं. चिंगदाओ, धुकं.
आमच्यापुढे काय लिहितो बघायला मी मान वाकडी केली.
उलटी अक्षरं लागायला वेळ लागला.
साबण लिहिलं होतं.

पाचशे ठरले होते, सहाशे दिले.
तपासणीत शिपायानं त्याची कोथिंबीर काढून ठेवली,
मग मलाच हाक मारून दिली, घेऊन जा म्हणाला.
तोवर रोनेल क्रेनच्या पायांमधून
बराच आत गेला होता,
आणि चालताना अजूनही जमिनीकडेच बघत होता.

घरी चादर पुन्हा दोरीवर होती.
बायकोनं जुडी उलटसुलट केली,
म्हणाली, सुकलीय की, कुठनं आणलीत?
म्हटलं, परदेशातून.