नळाची पाळी

आमच्या नई जिंदगीत चार दिवसांनी नळ येतो
आणि येतो तो रात्री साडेतीनला, भर सहरीत.
त्या वर्षी रमजान मे महिन्यात पडलेला.
"पानी आया," म्हणत अम्मी उठली
तेव्हा तव्यावरची भाकरी एका अंगानं कच्चीच होती.

आधी आमचा पिंप, बादल्या, कळशी.
मग भिंतीपलीकडच्या नरसक्काचे हंडे.
तिची कंबर गेलेली, मुलगा भिवंडीला लूमवर.
भोंग्यातून कुणी सांगत होतं, पाच मिनिटं उरली,
आणि अम्मी पाइपचं तोंड बोटांनी दाबून
या हंड्यातून त्या हंड्यात.
अजान झाली तेव्हा
ती कोपरापर्यंत ओली
आणि घसा कोरडा.
एक घोट, मी म्हटलं, कोण बघतंय?
तिनं माझ्याच तोंडावर चिळकांडी उडवली,
हसली, नियत केली.

दिवसभर सूप मांडीवर.
तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली.
"इनको रोजा माफ," ती म्हणाली.
तंबाखूची धूळ नको म्हणून तोंडाला ओढणी.
सहाशेवर बोटं थांबली.
भिंतीला डोकं टेकून पंख्याकडे बघत राहिली,
लाइट गेलेली.

ब्रँचवर चेकरनं सव्वाशे छाट काढल्या.
चांगल्या बिड्या. मी मोजत होते.
एरवी अम्मीची जीभ
विजापूर वेशीपर्यंत ऐकू जाणारी.
"रोजा है मेरा," एवढंच म्हणाली
आणि सुपावर फडकं टाकलं.
रस्त्यात मी गप्प, तर आपणच म्हणाली,
जबान का बी रोजा रहता.
दिल में कित्ती गालियाँ आईं, मत पूछ.

मगरिबला नरसक्का दारात,
कंबरेवर एक हात, दुसऱ्यात तांब्या.
पहाटेचंच पाणी,
तिच्या रांजणात दिवसभर निवत बसलेलं.

या महिन्याचा अर्थ सांगणारे पुष्कळ बयान
पुढं ऐकले मी. सबर, तकवा. मान डोलावली.
पण डोळ्यांपुढं येतो तो तांब्या,
बाहेरून घामेजलेला,
अम्मीच्या तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांत,
अजान व्हायला अजून दोन मिनिटं,
आणि नरसक्का, जिला रोजा नव्हता,
तीही न बोलता उभी.

खजूर. तीन घोट.
ओढणीनं तोंड पुसून अम्मी म्हणाली,
"हां, आता सांग.
किती छाट काढल्या त्या मुडद्यानं?"